सीटचा नवा कोट आणि एक कच्ची शिवण

नवी गाडी दारात आली की पुढचे कार्यक्रम ठरलेले असतात. बॉनेटला हार, चाकाखाली लिंबू, सोसायटीत पेढे, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. आणि आठवडा उलटायच्या आत तो प्रश्न, ‘सीट कव्हरं कुठली टाकणार?’ टाकणार की नाही, असं कोणी विचारतच नाही बरं का! सोफ्यावर चादर, रिमोटला प्लास्टिक, मोबाइलला कव्हर, मग गाडीच्या सीटनेच काय पाप केलंय? कित्येक घरांत तर शोरूममधून आलेलं पारदर्शक प्लास्टिकही वर्षानुवर्षं सीटवर मुक्कामाला असतं. (आमच्याकडे ते चार वर्षं होतं. मे महिन्यात पाठीला चिकटायचं, उठताना ‘चर्र’ असा आवाज यायचा, पण काढायचं नाव कोणी काढलं नाही.)

आणि सध्याची फर्माईश एकच, लेदर! काळं, टॅन, नाहीतर काळ्यावर लाल दोऱ्याची चौकटी शिवण. गंमत म्हणजे मोटारींच्या सुरुवातीच्या काळात चित्र नेमकं उलटं होतं. शोफरवाल्या बड्या गाड्यांमध्ये चामड्याची सीट असायची ती पुढे, उघड्यावर बसणाऱ्या ड्रायव्हरसाठी. ऊन-पाऊस सोसेल आणि पुसता येईल असं ते मटेरियल. मागे मालकाला मऊ लोकरी कापड! आपल्याकडे पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरने रेक्झिनवर दिवस काढले. हे ‘रेक्झिन’ही मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं ब्रँडनेम. कापडावर रासायनिक थर चढवून केलेलं नकली चामडं. कंपनी आपण विसरलो, शब्द मात्र आपल्या घरातल्या ऑफिस बॅगपासून डेंटिस्टच्या खुर्चीपर्यंत चिकटून बसला.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, आज दुकानात तुमच्यापुढे ‘लेदर’ म्हणून जे टाकलं जातं ते बहुतेक वेळा याच रेक्झिनचं चुलत भावंड असतं.

नापा, शापा आणि उलटी बाजू

पुण्यात नाना पेठ ही गाडीच्या सामानाची पंढरी. मी माझ्या सेकंडहँड वॅगन-आरसाठी तिथे गेले तेव्हा एका दुकानात गादीवर सात-आठ नमुने धडाधड पसरले गेले. ‘मॅडम, एकदम ओरिजिनल नापा!’ मी तो तुकडा उचलून उलटा केला. मागे बनियनच्या कापडासारखी वीण. अस्सल चामड्याची मागची बाजू धागेदार, खरबरीत, स्वेडसारखी असते, तिथे विणलेलं कापड कुठून येणार? दुकानदार हसला आणि म्हणाला, ‘ताई, या भावात गाय थोडीच येणार?’ मुद्दा बरोबर होता.

तेव्हा नावाला भुलू नका. ‘नापा’ म्हणजे खरं तर मऊ कमावलेलं चामडं, पण आपल्या बाजारात तो शब्द मऊ लागणाऱ्या कुठल्याही नकली चामड्याला बिनधास्त लावतात. तुमच्यासमोर खरी निवड असते ती पीव्हीसी आणि पीयू या दोघांत. पीव्हीसी जाड, टणक, उन्हात चटका देणारं, पण पाण्याला दाद न देणारं. वर्षं गेली की ते कडक होतं आणि घडीवर चिरतं. पीयू हाताला मऊ, दिसायला खऱ्या चामड्याच्या जास्त जवळचं. त्याचा शत्रू म्हणजे दमट हवा. ओलाव्याने त्याचा वरचा थर सुटतो आणि पापुद्रे निघायला लागतात. मुंबई-ठाण्यात समुद्राची हवा खात राहणाऱ्या गाडीत स्वस्तातलं पीयू टाकाल, तर ऑफिसला जाताना पँटच्या मागे काळा कोंडा घेऊन जाल. अस्सल चामड्याचे लाड आणखी वेगळे. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस बंद राहिली तर त्यावर बुरशी धरते. माझं मत विचाराल तर रोज धूळ, घाम आणि डब्यातलं वरण झेलणाऱ्या गाडीला बऱ्यापैकी जाडीचं, चांगल्या शिलाईचं नकली चामडंच बरं. त्यात लाज कसली?

एक सूचना जाता जाता. तुमच्या गाडीला हवा फेकणाऱ्या व्हेंटिलेटेड सीट्स असतील, तर वरून हे कव्हर म्हणजे टेबलफॅनवर गोधडी. ज्या फीचरसाठी वरचं मॉडेल घेतलं तेच बंद. अशा सीटवर काहीही टाकू नका.

फिटिंग फ्री आहे की हो!

आता खरा प्रश्न. कव्हर स्वतः का लावायचं? परदेशात मजुरी महाग, म्हणून लोक रविवारी पाने-पकडी घेऊन गॅरेजात शिरतात. आपल्याकडे कव्हराबरोबर फिटिंग बहुतेक फुकट. दोन पोरं येतात, गाडीत शिरतात, तुमचा चहा संपेस्तोवर दोरी-हूक ओढून मोकळी होतात. त्यामुळे पैसे वाचवायला हा उद्योग करणार असाल तर नका करू. त्या पोरांच्या हाताला जो वेग आणि सफाई असते ती आपल्या हाताला पहिल्या दिवशी येणार नाही.

पण त्या दोन पोरांना दिवसभरात अशा दहा गाड्या संपवायच्या असतात. हूक वायरला अडकला की सळईला, मागचं बक्कल वर आलं की खाली दबलं, हे बघायला त्यांना वेळ नसतो. आणि त्याहून मोठी एक गोष्ट आहे. ती तुमच्याशिवाय कोणीच बघणार नाही.

तुमच्या गाडीचं दार उघडा. ड्रायव्हर सीटच्या पाठीकडे बघा, दाराकडच्या कडेला. तिथे ‘एअरबॅग’ लिहिलेला छोटा टॅग शिवलेला आहे? असेल तर त्या कापडाच्या आत एक घडी घातलेली पिशवी झोपलेली आहे. बाजूने धडक बसली की पापणी लवायच्या आत ती सीटची शिवण फाडून बाहेर येते आणि तुमच्या बरगड्या आणि दार यांच्यामध्ये उभी राहते. ‘सहा एअरबॅग्ज’ म्हणून जे ऐकता त्यात दोन समोरच्या, दोन पडद्यासारख्या छतातून खिडकीवर उतरणाऱ्या आणि उरलेल्या दोन या, सीटमधल्या.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न फक्त महागड्या गाड्यांचा होता. जुलै २०१९ पासून आपल्याकडे ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली, २०२२ उजाडेपर्यंत शेजारच्या सीटसाठीही. सहा एअरबॅग्जची सक्ती करण्याचा सरकारचा मसुदा २०२२ मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असं सांगण्यात आलं. पण तोवर ग्राहकच सेफ्टी रेटिंग विचारू लागला होता. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये सगळ्या मॉडेल्सना सहा एअरबॅग्ज जाहीर केल्या. मारुतीने २०२५ मध्ये ऑल्टो के१० आणि वॅगन-आरसारख्या छोट्या गाड्यांनाही दिल्या. म्हणजे आज पहिल्या पगारवाढीवर घेतलेल्या छोट्या गाडीच्या सीटमध्येही ती पिशवी असू शकते. सीट कव्हरांचा बाजार मात्र अजून जुन्याच हिशेबाने चाललाय.

आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलं, शिवण पक्की तो माल चांगला. दुकानदारही कव्हर दोन्ही हातांनी ताणून दाखवतो, ‘बघा, फाटून दाखवा!’ इथे नेमकी तीच शिवण घात करते. पिशवीला बाहेर यायला वाटच नसेल, तर ती अडते, उशिरा येते किंवा भलत्याच दिशेने फुगते. म्हणून साइड एअरबॅगवाल्या सीटच्या कव्हरला दाराकडच्या कडेला मुद्दाम कच्ची शिवण असावी लागते. ठराविक ताणाला उसवणारा वेगळा दोरा, नाहीतर सरळ मोकळी फट. आणि हे सुद्धा कंपनीने तपासून घेतलेलं हवं. शेजारच्या टेलरकडून ‘जरा कच्चा टाका मारा’ म्हणून भागत नाही.

माझ्या एका आयटीतल्या मित्राने गेल्या दिवाळीत नवी गाडी घेतली. सहा एअरबॅग्ज हव्यात म्हणून घरी भांडून वरचं बजेट मंजूर करून घेतलं. आणि चौथ्या दिवशी सात हजारांची जाडजूड, दुहेरी शिलाईची कव्हरं चढवली! मी त्याला दार उघडून तो टॅग शोधायला सांगितलं. टॅग कव्हराखाली होता. ‘अगं, पण दुकानवाला म्हणाला काही होत नाही,’ इति मित्र. मी त्याला ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढायला लावलं. अशा सीटवर बाहेरची कव्हरं घालू नका, अशी ताकीद बहुतेक कंपन्या त्यात देतातच. त्याच्याही मॅन्युअलमध्ये ती होती, चौकटीत, ठळक अक्षरात. त्या रात्री त्याने पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये बसून पुढची दोन्ही कव्हरं काढली. मागची राहू दिली. पुढे कापड, मागे लेदर. त्याच्या बायकोला ते अजिबात आवडलेलं नाही. तो रोज हिंजवडीला जाताना तिला टॅग दाखवतो.

तेव्हा खरेदीच्या आधी तीन गोष्टी बघा. सीटवर टॅग आहे का? असेल तर पहिला फोन कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरी काउंटरला करा, तुमच्याच मॉडेलसाठी केलेलं कव्हर मागा. आणि कव्हर हातात आलं की डावं-उजवं नीट ओळखा, कारण अदलाबदल झाली तर कच्ची शिवण दाराऐवजी गिअरकडे जाते.

पार्किंगमधला रविवार

माझी वॅगन-आर जुनी, तिच्या सीटमध्ये पिशवी नाही. त्यामुळे माझं काम सोपं होतं. सकाळी साडेदहाला गाडी सावलीतून काढून उन्हात लावली आणि कव्हरंही बॉनेटवर पसरली. हे पहिलं गुपित. घडीतलं कव्हर आंबलेल्या पापडासारखं वाकडंतिकडं असतं. अर्धा तास ऊन खाल्लं की मऊ पडतं, ताणायला सोपं जातं. तोवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. सीटखालच्या फटीत एकूण सत्तावीस रुपये, दोन टोलच्या पावत्या, एक कानातलं आणि पारले-जीचा चुरा निघाला. कव्हराखाली कण राहिला तर तो सॅन्डपेपरसारखा आतलं कापड घासत राहतो, तेव्हा इथे आळस नको.

पुढे हेडरेस्ट. त्याच्या दांड्या ज्या प्लास्टिकच्या बुचांत जातात, त्यातल्या एकाला छोटं बटण असतं. ते दाबून ठेवायचं आणि वर ओढायचं. मग पाठीचं कव्हर वरून बनियनसारखं उतरवत आणायचं, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. एका बाजूने दणका मारून ओढलं तर शिवण तिरकी बसते आणि ती आयुष्यभर डोळ्यात खुपते. कव्हराची शिवण सीटच्या मूळ शिवणीवर बसली पाहिजे, हाच यातला सगळा हिशेब. वर दोन्ही खांदे नीट बसले की मगच खाली.

पाठीच्या कव्हराच्या खालच्या बाजूला एक लांब पट्टी असते. ती पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीतून मागे ढकलायची. हात जात नसेल तर लाकडी पट्टी किंवा उलथनं वापरा, पण धारेचं काही नको. मागच्या बाजूने ती ओढून वेलक्रोने बसवायची. माझं हे काम चालू असताना तळमजल्यावरचे काका दूध घेऊन येत होते. थांबले. ‘अगं, शंभर रुपये दे कोणाला तरी, लावून देईल.’ मी हसले. काका पिशवी बोनेटवर ठेवून म्हणाले, ‘पलीकडून ओढू का?’ पुढचा पाऊण तास ते तिथेच होते. दूध घरी वॉचमनबरोबर गेलं.

बैठकीचं कव्हर सोपं वाटतं, पण खरी गडबड तिथेच होते. त्याला खालून इलॅस्टिकचे पट्टे आणि इंग्रजी एसच्या आकाराचे हूक असतात. मोबाइलचा टॉर्च लावा, सीटखाली डोकं घाला आणि आधी बघा की खाली काय काय आहे. लोखंडी सांगाडा आहे, सरकण्याचे रूळ आहेत आणि वायरी आहेत. जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांमध्ये पुढच्या सीटला बेल्ट लावला नाही की टिंगटिंग करणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिच्या वायरी सीटखालून जातात, कोणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सरही बैठकीत असू शकतो. हूक सांगाड्यालाच अडकवायचा. रुळाला नाही, स्प्रिंगला नाही, वायरीला तर मुळीच नाही. पिवळ्या रंगाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर हात जोडा आणि लांब राहा. पिवळा म्हणजे एअरबॅग. सगळं झालं की सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवून बघा. कुठे अडकत असेल तर तो पट्टा सोडवून दुसरीकडे बांधा.

मागच्या सीटला माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागची बैठक पुढच्या कडेला क्लिपांनी धरलेली असते. दोन्ही हातांनी कड धरून वर उचलली की सुटते. तुमच्या गाडीत बोल्ट आहे की क्लिप, ते मॅन्युअलमध्ये बघा, झटापट नको. कव्हर चढवताना बेल्टची बक्कलं त्यांच्यासाठी ठेवलेल्या फटींतून वर आलीच पाहिजेत. लहान मूल असेल तर चाइल्ड सीटचे आयसोफिक्सचे कडेही मोकळे हवेत.

मागची बक्कलं कव्हराखाली गाडून टाकणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. ‘टोचतात’ म्हणून! ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्या प्रवाशांनाही बेल्टची सक्ती जाहीर केली. तरी आजही कुठल्याही कॅबमध्ये बसा आणि बक्कल शोधा. सापडलं तर नशीब. माझ्या गाडीत डाव्या बाजूची फट दोन बोटं अलीकडे आली होती. तिथे मी कव्हर परत काढलं, पाच सेंटीमीटर सरकवलं, पुन्हा चढवलं. काका वैतागले, ‘कोण बसतंय तिथे?’ म्हणाले. तिथे आई बसते.

सुरकुत्यांची चिंता करू नका. हेअर ड्रायर मंद करून वीतभर अंतरावरून फिरवा, तळहाताने मधून कडेकडे दाबत न्या. उरलेलं काम तुमचं वजन करतं. आठवड्याभरात बऱ्याच सुरकुत्या बसतात. पूर्ण गाडीला मला साडेतीन तास लागले, त्यात दोन चहा आणि काकांचं पद्मिनीपुराण धरून.

आणि मूळ कव्हरच बदलायचं असेल तर?

वरून घालायचं कव्हर हा कोट झाला. खरे शौकीन सीटची कातडीच बदलतात. मूळ कापड सोलून काढायचं आणि त्या जागी चामड्याचं शिवलेलं बसवायचं. दिसायला कंपनीतून आल्यासारखं, सुरकुती नाही, सरकणं नाही. पण हे काम वेगळ्या जातीचं. साधारणपणे चार बोल्ट काढून सीट गाडीबाहेर घ्यावी लागते. कापड फोममधल्या खाचांत तारेच्या छोट्या कड्यांनी ओवलेलं असतं. त्या कड्या एकेक करून कापायच्या आणि नव्या, खास पकडीने आवळायच्या. कडी चुकली की फोम फाटतो. बोल्ट परत किती आवळायचा याचंही कंपनीचं माप असतं, अंदाजपंचे चालत नाही. अपघातात सीट जागेवर धरून ठेवतो तो हाच बोल्ट.

साइड एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत, हाताशी जाणकार असेल आणि दोन दिवस मोकळे असतील, तर जरूर करा. मजा येते. पण सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर यूट्यूब बंद करा आणि अधिकृत वर्कशॉप गाठा. बॅटरी सोडवणं, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबणं, मगच कनेक्टरला हात लावणं, काम झाल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा तपासणं, हे ज्याचं रोजचं काम आहे त्यानेच करावं. आणि नव्या कातडीलाही ती कच्ची शिवण लागतेच, हे तिथेही विचारायला विसरू नका.

कव्हर बसल्यावरची देखभाल अगदी साधी. ओलं फडकं, नंतर कोरडं फडकं. पेट्रोल पंपावर विकत मिळणारा चकचकीत स्प्रे सीटवर मारू नका. सीट गुळगुळीत होते आणि ब्रेक दाबला की आपणच घसरतो. दुपारी गाडी उन्हात लावणार असाल तर काचेला आडोसा लावा, नाहीतर एप्रिलमध्ये हाफ पँटवाल्यांचे हाल कुत्रं खाणार नाही. आणि आठ दिवसांनी एकदा पुन्हा सीटखाली टॉर्च मारा. इलॅस्टिक ताणलं गेलं की एखादा हूक सुटून वायरीकडे लोंबतो. माझा एक लोंबत होता, शेजारच्या सीटखाली, रुळापासून दोन बोटांवर.